रेडिएशननंतर डॉक्टर म्हणतात 'निकाल छान आहे', पण मला जे जाणवते त्याची नोंद कुठे होते?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. माझे वय ४६ असून मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. शस्त्रक्रियेत गाठ आणि काखेतील काही ग्रंथी काढल्या, स्तन मात्र वाचवता आला. त्यानंतर केमोथेरपी झाली आणि शेवटी किरणोपचार झाले. संपूर्ण स्तनावर १५ आणि गाठीच्या जागेवर जादा मात्रेचे ५ (ज्याला बूस्ट म्हणतात), असे २० दिवस मी रोज रुग्णालयात जात होते. त्याला आता सोळा महिने झाले. हार्मोनची गोळी चालू आहे.

दर चार महिन्यांनी तपासणीला जाते तेव्हा डॉक्टर तपासतात, मॅमोग्राफीचा अहवाल पाहतात आणि "निकाल छान आहे, काळजी करू नका" असे म्हणतात. ते ऐकून मला खरोखर बरे वाटते. ज्यांनी माझा जीव वाचवला त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, हे आधीच स्पष्ट करते, कारण पुढचे वाक्य लिहिताना मला थोडे अपराधी वाटते आहे.

मला त्रास होतो. शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली जाड शिवण यावी तसा एक कडक भाग हाताला लागतो. संध्याकाळपर्यंत स्तन जड होतो, आणि मधूनच, काही कारण नसताना, सुया टोचल्यासारखी कळ येऊन जाते. तो स्तन दुसऱ्यापेक्षा लहान झाला आहे व थोडा वर ओढला गेला आहे, त्यामुळे शिंपीणबाईंना ब्लाऊजची दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी घ्यावी लागतात. फळ्यावर वरच्या ओळीत लिहू लागले की दहा मिनिटांत खांद्यापासून काखेपर्यंत ताण येतो आणि मला हात खाली घ्यावा लागतो.

मागच्या महिन्यात विम्याच्या कामासाठी केसपेपरच्या प्रती काढल्या. प्रत्येक भेटीच्या नोंदीत एकच ओळ होती: 'विशेष तक्रार नाही'. ती नोंद खोटी आहे असेही मी म्हणू शकत नाही, कारण डॉक्टरांनी "काही त्रास?" असे विचारल्यावर दर वेळी "नाही" असे मीच सांगितले होते. बाहेर तीस-चाळीस बाया बसलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी जणी माझ्यापेक्षा आजारी दिसतात, शेजारी माझे यजमान उभे असतात, आणि डॉक्टर पुढच्या केसपेपरकडे हात नेत असतात. अशा वेळी ब्लाऊजच्या मापाची गोष्ट तोंडातून बाहेर पडत नाही.

माझा प्रश्न असा आहे की उपचाराचा 'निकाल' डॉक्टरांच्या दृष्टीने एक आणि रुग्णाच्या दृष्टीने दुसरा, असे असते का? असल्यास त्याचा कुणी अभ्यास केला आहे का? आणि पुढच्या महिन्यात तपासणीला गेल्यावर मी नेमके काय व कसे सांगावे?

---

डाळिंबाची बाग (सांगोला तालुका)

ताई, मी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. माझे किरणोपचार २०१४ साली मुंबईला झाले. आमच्याकडे अजूनही सगळे त्याला 'शेक' म्हणतात. मला २५ शेक होते, म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी धरून पाच आठवडे. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. तिथे आमच्यासारखी अनेक कुटुंबे होती आणि त्या पाच आठवड्यांत जो आधार मिळाला तो मी विसरू शकत नाही.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर थोडे उलट आहे. दोन-तीन वर्षांनी एका तपासणीत माझे फोटो काढले होते, त्यात डॉक्टरांनी दिसण्याचा शेरा 'मध्यम' असा दिला. मला त्याचे नवल वाटले. माझ्या हिशेबाने निकाल चांगलाच होता. स्तन शाबूत होता, हात चालत होता, मी डोक्यावर पाण्याची घागर घेऊ शकत होते. कातडीवर लाल बारीक रेषांचे जाळे आले आहे, पण ते मी आणि आरसा सोडून कुणी पाहत नाही.

मला जे खरोखर जड गेले ते कुठल्याच कागदावर आले नाही, आणि ते म्हणजे ते पाच आठवडे. धाकटा मुलगा तेव्हा दहावीला होता, दोन म्हशी शेजारणीच्या भरवशावर होत्या आणि डाळिंबाचा बहार धरायचे दिवस होते. मशीनखाली मी रोज दहा-पंधरा मिनिटेच असायचे, उरलेला दिवस घराची चिंता करण्यात जायचा. हल्ली हा उपचार तीन आठवड्यांत आणि काहींचा तर एका आठवड्यात होतो असे ऐकले. माझ्यासारखीसाठी तोच सगळ्यांत मोठा निकाल ठरला असता. तेव्हा बाईने काय महत्त्वाचे मानले आहे हे आधी तिला विचारावे, असे मला वाटते.

---

पळसफूल (रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, नागपूर)

कृष्णाकाठताई, तुमचा प्रश्न वाचून मी माझे काही जुने केसपेपर काढून पाहिले, आणि 'विशेष तक्रार नाही' ही ओळ माझ्याही अक्षरात मला किती वेळा सापडली हे सांगायला संकोच वाटतो. त्यामुळे हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

होय, या विषयाचा अभ्यास झाला आहे, आणि तो बराच मोठा आहे. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००२ या काळात 'स्टार्ट' नावाच्या दोन चाचण्यांत मिळून ४,४५१ स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांतल्या 'बी' चाचणीचा प्रश्न असा होता की पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देण्याऐवजी तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे दिली तर चालेल का. दहा वर्षांनंतर त्याच भागात आजार परत येण्याचे प्रमाण ५० ग्रेच्या गटात ५.५ टक्के आणि ४० ग्रेच्या गटात ४.३ टक्के होते, म्हणजे छोटा कार्यक्रम कुठेही कमी पडला नाही. उलट स्तन आक्रसणे, सूज आणि कातडीवरील लाल रेषा या तिन्ही गोष्टी छोट्या कार्यक्रमात कमी दिसल्या. तुम्हाला मिळालेल्या १५ फेऱ्यांचा उगम तिथे आहे. पुढे 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीत ४,०९६ रुग्णांवर एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे, हा कार्यक्रम तपासला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत पाच वर्षांनी त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण १५ फेऱ्यांच्या गटात २.१ टक्के आणि ५ फेऱ्यांच्या गटात १.४ टक्के होते. डाळिंबाची बाग यांनी ऐकलेला 'एक आठवडा' हाच आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. स्टार्ट चाचण्यांमध्ये दोन हजारांहून अधिक स्त्रियांनी वेळोवेळी प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या. डॉक्टर स्वतंत्रपणे तपासणी करून नोंद करत होते, आणि स्तनांचे फोटो काढून ते तज्ज्ञांकडून पाहून घेतले जात होते. संशोधकांनी नंतर या तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे स्त्रियांनी स्वतः सांगितलेला मध्यम वा तीव्र त्रास डॉक्टरांच्या आणि फोटोंच्या नोंदीपेक्षा जास्त होता, आणि एकेका स्त्रीपुरते पाहिले तर तिन्ही नोंदींचा मेळ फारच कमी बसत होता. दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. कोणता कार्यक्रम शरीराला सौम्य आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तिन्ही पद्धतींनी एकच दिले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण आम्ही डॉक्टर इथेच चुकतो. दोन उपचारांची तुलना करायची असेल तर डॉक्टरांची नोंद चालते, कारण त्यांची चूक दोन्ही गटांत सारखीच पसरलेली असते. पण समोर बसलेल्या एका बाईला काय होते आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या नोंदीवर विसंबता येत नाही. आमचे शिक्षण पहिल्या प्रकारच्या पुराव्यावर झालेले असते आणि ओपीडीत बसताना आम्ही त्याच सवयीने दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

उपचार चालू असतानाही हेच घडते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २०१२ ते २०२० या काळात सुमारे ९,९०० स्त्रियांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. रुग्णाने मध्यम वेदना लिहिली असताना डॉक्टरांच्या नोंदीत वेदनाच नसणे, किंवा तीव्र वेदना लिहिली असताना ती फार तर सौम्य म्हणून नोंदली जाणे, असे वेदनेच्या बाबतीत ३०.९ टक्के वेळा, खाजेच्या बाबतीत ३६.७ टक्के वेळा आणि सुजेच्या बाबतीत तब्बल ५१.४ टक्के वेळा घडले. थकव्याच्या बाबतीत हे प्रमाण १८.८ टक्के होते. ज्यांना लक्षणीय त्रास होता अशा स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे किमान एक लक्षण असे निसटले होते. पन्नाशीच्या आतल्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत ते अधिक वेळा निसटले, आणि कुणाचे ऐकून घेतले जाते हा प्रश्न केवळ वेळेच्या टंचाईचा नाही असे मला यावरून वाटते.

डाळिंबाची बाग यांचा अनुभवही एकाकी नाही. दिसण्याच्या बाबतीत रुग्ण अनेकदा डॉक्टरांपेक्षा उदार असतात. कॅनडातील 'रॅपिड' चाचणीत स्तनाच्या केवळ काही भागावर दिवसातून दोन वेळा किरण देण्याची पद्धत तपासली होती. तीन वर्षांनी त्या गटातील किती जणींचे दिसणे बिघडले, याचे उत्तर रुग्णांनी २६ टक्के, परिचारिकांनी २९ टक्के आणि फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांनी ३५ टक्के असे दिले. आम्ही फोटोत दोन्ही स्तनांची तुलना करून उत्तम, चांगला, मध्यम, वाईट अशा चार पायऱ्यांत शेरा देतो. पोर्तुगालमध्ये तर फोटोवरून दोन बाजूंमधला फरक मोजणारे सॉफ्टवेअरही विकसित झाले आहे. पण फोटोला कडकपणा कळत नाही, सुया टोचलेल्या कळत नाहीत आणि फळ्याची उंची तर मुळीच कळत नाही.

तुमच्या त्रासाबद्दल न तपासता निदान करणे चुकीचे ठरेल. तरीही काही गोष्टी सांगते, म्हणजे तुम्हाला विचारणे सोपे जाईल. व्रणाखालचा कडक भाग बूस्टच्या जागीच आहे का, हे पाहायला हवे. बूस्टमुळे आजार परतण्याचा धोका कमी होतो, पण त्याची किंमत ऊतींच्या कडकपणात मोजावी लागते. युरोपातील ५,३१८ स्त्रियांच्या चाचणीत वीस वर्षांनंतर त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण बूस्टविना १६.४ टक्के आणि बूस्टसह १२ टक्के होते, तर तीव्र फायब्रोसिसचे, म्हणजे ऊती कडक होण्याचे, प्रमाण १.८ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर गेले होते. तुमच्या वयात बूस्ट देणे योग्यच होते. मात्र 'तिथे कडक लागू शकते' हे तुम्हाला आधी सांगायला हवे होते. हा भाग नवीन असेल, वाढत असेल किंवा त्यावरची कातडी ओढली जात असेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता दाखवून सोनोग्राफी करून घ्या. बहुतेक वेळा तो फायब्रोसिस किंवा चरबीचा मृत भाग असतो, पण हे तपासूनच म्हणायचे असते.

जडपणा बहुधा सुजेमुळे असतो आणि तो पहिल्या एक-दोन वर्षांत हळूहळू कमी होतो. आक्रसणे मात्र अनेक वर्षे सावकाश चालू राहू शकते. खांद्याचा ताण केवळ किरणांमुळे असेलच असे नाही. काखेतील शस्त्रक्रियेने आणि किरणांनी मिळून तिथले स्नायू व ऊती आखडतात, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरता असेल तर ती बहुधा शस्त्रक्रियेत दुखावलेल्या चेतातंतूमुळे असते, आणि हार्मोनच्या गोळीने सांधेही धरू शकतात. आमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक त्रासाला एक कारण आणि एक विभाग असतो. तुमचा हात मात्र एकच आहे. सर्जन म्हणतात रेडिएशनमुळे, आम्ही म्हणतो शस्त्रक्रियेमुळे, आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी कुणीच लिहीत नाही, असे मी पाहिले आहे आणि माझ्याकडूनही घडले आहे. माझ्या एका रुग्णाला दोन वर्षे स्वतःची वेणी घालता येत नव्हती. मुलगी घालून देत होती. मला ते कळले तेव्हा मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती, म्हणून कळले.

किरण डाव्या बाजूला होते, म्हणून हृदयाबद्दलही लिहिते, कारण ही भीती बहुतेकींच्या मनात असते आणि फार थोड्या जणी ती बोलून दाखवतात. स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. ज्या स्त्रीचा मूळ धोका शंभरात चार आहे तिचा धोका दोन ग्रेमुळे साधारण साडेचारपर्यंत जाईल, असा तो हिशेब तुम्ही गणिताच्या शिक्षिका म्हणून लगेच करू शकाल. शिवाय त्या स्त्रियांवरचे उपचार १९५८ ते २००१ या काळातले होते. आज श्वास रोखून धरण्याच्या पद्धतीने आणि सीटी स्कॅनवरील आखणीने हृदय बरेच बाजूला ठेवता येते. तुमच्या फाइलमध्ये हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेचा आकडा असतो. तो मागा, तो तुमचा हक्क आहे. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू वा मिश्रीची सवय असल्यास ती सोडणे, हे सारे तितकेच महत्त्वाचे आहे.

पुढच्या भेटीत काय सांगावे, याबद्दल एक सुचवते. युरोपात तयार झालेली स्तनकर्करोगाच्या रुग्णांसाठीची २३ प्रश्नांची एक प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात खांदा दुखतो का, हात वर करणे कठीण जाते का, स्तन सुजला आहे का, स्वतःच्या शरीराकडे पाहणे अवघड वाटते का, असे प्रश्न असतात आणि उत्तर 'मुळीच नाही' पासून 'खूप' पर्यंत चार पायऱ्यांत द्यायचे असते. शरीरसंबंधांविषयीचे प्रश्नही तिच्यात आहेत, जे आपल्याकडच्या ओपीडीत जवळजवळ कधीच विचारले जात नाहीत. ती मिळाली नाही तर साध्या कागदावर त्रास, तो केव्हा होतो आणि त्यामुळे कोणते काम अडते, या तीन गोष्टी लिहून न्या. 'दुखते' या शब्दापेक्षा 'फळ्यावर दहा मिनिटांच्या वर लिहिता येत नाही' हे वाक्य डॉक्टरला जास्त कळते.

---

सह्यवारा (पुणे)

माझ्या पत्नीचे उपचार तीन वर्षांपूर्वी झाले. वरील सर्व लिखाण आदराने वाचले, पण एक शंका मनात राहते. आजार परतला नाही, माणूस घरात आहे, याहून मोठा निकाल कोणता? आम्ही दोघांनी ठरवून त्रासाबद्दल बोलणे बंद केले, कारण बोलत राहिल्याने मन त्यातच अडकते असे आम्हाला वाटले. बारीकसारीक तक्रारी विचारत राहिल्याने रुग्णाला आपण अजून आजारीच आहोत असे वाटणार नाही का?

---

पळसफूल (रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, नागपूर)

सह्यवारा, जीव हा पहिला निकाल आहे, याबद्दल दुमत नाही. १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिल्याने दहा वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आणि पंधरा वर्षांत स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले.

पण या आकड्यांकडे रुग्णाच्या जागेवरून पाहा. ज्या स्त्रीचा आजार किरणांमुळे परतला नाही, तिला ते कधीच कळत नाही. न घडलेली गोष्ट तिला हात लावून पाहता येत नाही, आणि ती स्त्री नेमकी कोणती हे मलाही सांगता येत नाही. उपचाराचा फायदा मला हजारो स्त्रियांच्या बेरजेत दिसतो. त्रास मात्र एकेका शरीरात असतो, त्याची जागा ठरलेली असते आणि तो ब्लाऊज घालताना रोज भेटतो. म्हणून दोघेही खरे बोलत असताना एकमेकांना अनोळखी वाटतात.

काही स्त्रियांच्या बाबतीत तर रुग्णाच्या मतावरच निर्णय ठरायला हवा. स्कॉटलंडमधून चालवल्या गेलेल्या 'प्राइम-२' चाचणीत ६५ वा अधिक वर्षांच्या, लहान गाठ असलेल्या, काखेत आजार नसलेल्या आणि हार्मोनची गोळी घेणाऱ्या १,३२६ स्त्रिया होत्या. दहा वर्षांनी त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण किरण न घेतलेल्यांत ९.५ टक्के आणि घेतलेल्यांत ०.९ टक्के होते, पण हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८०.८ आणि ८०.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. इथे कुणाला परतण्याची भीती मोठी वाटेल, कुणाला रोजचा प्रवास. हे मी तिच्या वतीने ठरवू शकत नाही.

तुम्ही दोघांनी न बोलण्याचे ठरवले, हा तुमचा निर्णय आहे आणि त्यामागचे प्रेम मला समजते. एवढीच विनंती करते की तो निर्णय दोघांचा होता का, हे एकदा त्यांना विचारून पाहा.

---

तांबडफुटी (रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, नाशिक)

मी अकरा वर्षे मशीनवर काम करते. डॉक्टर रुग्णाला आठवड्यातून एकदा भेटतात, आम्ही रोज भेटतो. गाऊन सोडताना, हात डोक्यावर घेऊन झोपताना, कातडीवरच्या खुणांशी लेझरची रेषा जुळवताना बाईचा चेहरा आम्हाला दिसतो. मंगळसूत्र घासून मानेखालची कातडी सोलली आहे, स्तनाखालच्या घडीत ओल आली आहे, हात पूर्ण मागे जात नाही, हे सगळे आम्हाला पहिल्यांदा कळते, कारण ती आम्हाला सांगते. डॉक्टरांना सांगा असे म्हटले की "नको, त्यांना कशाला" असे उत्तर येते.

आमच्या विभागात आता मशीनच्या संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. रुग्ण जे सांगते ते आम्ही तिच्याच शब्दांत लिहितो आणि साप्ताहिक तपासणीच्या दिवशी ती वही डॉक्टरांच्या टेबलावर जाते. आधी थोडी नाराजी होती, काम वाढते म्हणून. आता डॉक्टर स्वतः वही मागतात. जिथे अशी सोय नाही तिथे रुग्णांनी आम्हाला सांगितलेली गोष्ट आमच्याच देखत डॉक्टरांना सांगावी. आम्ही दुजोरा देऊ शकतो.

सह्यवारा यांना एवढेच सांगते की, बाया तक्रारी करत बसतात असे मला अकरा वर्षांत दिसले नाही. मला दिसते ते उलटच आहे.

---

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. पळसफूल यांचे उत्तर वाचून मी महिनाभर थांबले नाही, पुढच्याच आठवड्यात वेळ घेतली.

एका पानावर सात ओळी लिहून नेल्या. यजमानांना बाहेर थांबायला सांगितले, त्यांनीही ते समजून घेतले. डॉक्टरांनी कागद पूर्ण वाचला. मग त्यांनी मला उभे करून दोन्ही हात बाजूने वर घ्यायला सांगितले. डावा हात कानापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी दंडाचे माप घेतले, दोन्ही बाजूंत फारसा फरक नव्हता. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. व्रणाखाली चरबीचा मृत भाग आणि फायब्रोसिस आहे, संशयास्पद काही नाही, असा अहवाल आला, तरी तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे ठरले आहे. फिजिओथेरपी सुरू झाली. हृदयाच्या मात्रेचा आकडाही मागितला, तो फाइलमधून काढून त्यांनी मला लिहून दिला आणि समजावूनही सांगितला.

डाळिंबाची बाग, तुमच्या पाच आठवड्यांबद्दल वाचताना मला माझ्या वीस दिवसांचे दुःख थोडे लहान वाटले, आणि नंतर लक्षात आले की तुम्ही ते लहान करण्यासाठी सांगितले नव्हते.

एक गोष्ट मी कागदावर लिहायची विसरले होते. निघताना डॉक्टरांनी विचारले की फळ्यावर लिहायचा त्रास डाव्या हाताला कसा होतो. मी डावखुरी आहे, हे दोन वर्षांत आमच्या दोघांच्याही बोलण्यात कधी आले नव्हते. त्यांनी केसपेपर परत उघडला, 'विशेष तक्रार नाही' या जुन्या ओळीखाली नवी तारीख घातली आणि पहिले वाक्य लिहिले: 'रुग्ण डावखुरी, शिक्षिका, फळ्यावर खांद्याच्या वर लिहिताना दहा मिनिटांत ताण'.